मागच्या मोटारीत कोणीच नाही!

बंद पडलेली मोटार दुसऱ्या मोटारीला दोरी बांधून ओढून नेताना तुम्ही कधी ना कधी पाहिली असेलच. पुन्हा असे दृश्य दिसले, तर जरा नीट निरखून पहा. पुढच्या मोटारीत चालक असतो यात नवल नाही. पण मागच्या, बंद पडलेल्या मोटारीतही एक जण स्टिअरिंग धरून बसलेला असतो! तिचे इंजिन तर बंद आहे आणि ओढण्याचे काम पुढची मोटार करीत आहे. मग हा मनुष्य तेथे बसून करतो तरी काय?

तो बरेच काही करतो. पुढची मोटार वळली की तो स्टिअरिंग फिरवतो. पुढची मोटार थांबू लागली की तो ब्रेक दाबतो. दोरीने ओढता येते, पण रोखून धरता येत नाही. म्हणून त्याने ब्रेक दाबला नाही, तर मागची मोटार पुढचीवर जाऊन आदळेल. तो खिडकीतून हात काढून मागून येणाऱ्या वाहनांना खूण करतो. जळका वास आला किंवा चाकातली हवा गेली, तर ओरडून पुढच्याला थांबवतो.

आता असे समजा, की हा मनुष्य उतरून घरी गेला. मागची मोटार रिकामीच आहे आणि ती ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने शेकडो किलोमीटर ओढून न्यायची आहे. हे शक्य आहे का? अमेरिकेतील हमरस्त्यांवर हे रोज घडते. पण ते घडण्यासाठी, त्या उतरून गेलेल्या माणसाचे प्रत्येक काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे लागते. ती कामे कोण करते, आणि एखादे काम करणारे कोणीच नसेल तर काय होते, हे या लेखात पाहू. त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

घरामागे बांधलेली होडी

अमेरिकेत 'मोटारहोम' नावाचे एक वाहन असते. बसएवढ्या गाडीत बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या असे सगळे बसवलेले असते. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या गावी विनेबॅगो कंपनीने १९६६ साली मोटारहोम बांधण्यास सुरुवात केली. इंडियाना राज्यातील एल्कहार्टचा परिसरही अशा वाहनांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. कित्येक कुटुंबे सुटीत आणि कित्येक निवृत्त जोडपी वर्षातील अनेक महिने अशा घरातून देशभर फिरतात.

पण या घराची एक अडचण आहे. मुक्कामाच्या जागी ते एकदा उभे केले, विजेची तार आणि पाण्याची नळी जोडली, की दूध आणायला अख्खे घर घेऊन बाजारात कसे जायचे? दहा-बारा मीटर लांबीचे घर गल्लीबोळांतून फिरवता येत नाही. म्हणून लोक घरामागे एक छोटी मोटार बांधून नेतात. आपल्या कोकणात मचव्याच्या मागे लहान होडी बांधलेली असते ना, तसेच हे आहे. तेथील लोकही या मोटारीला 'डिंगी', म्हणजे लहान होडी, असेच म्हणतात. तिचे दुसरे नाव आहे 'टोड'. इंग्रजीत 'ओढलेली' आणि 'बेडूक' या दोन्ही शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखाच होतो. त्यावरची ही थट्टा आहे.

ही मोटार दोरीने बांधत नाहीत. मोटारीच्या पुढच्या अंगाला दोन ठिकाणी आणि मोटारहोमच्या मागे एका ठिकाणी जोडलेला, इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराचा पोलादी दांडा असतो. त्याला 'टो-बार' म्हणतात. त्रिकोणाचा आकार बदलत नाही हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. त्यामुळे हा दांडा मोटारीला ओढूही शकतो आणि रोखूही शकतो. दोरीचा पहिला दोष येथे दूर झाला.

स्टिअरिंग कोण फिरवणार?

याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. कोणीच नाही! चाके आपली आपणच वळतात.

विश्वास बसत नसेल तर तुमची सायकल घ्या. हँडलला हात न लावता फक्त सीटला धरून ती उभी ठेवा आणि पुढे ढकलत चाला. सायकल बरीचशी सरळ जाईल. आता तशीच सीट धरून ती मागे ओढा. दोन पावले जाताच हँडल गर्रकन फिरेल.

असे का होते? हँडलचा दांडा तिरका असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर पुढचे चाक जमिनीला जेथे टेकते त्या बिंदूच्या थोडी पुढे ती जमिनीला मिळते. म्हणजे चाकाचा टेकण्याचा बिंदू आपल्या फिरण्याच्या अक्षाच्या मागे असतो. सायकल पुढे जाताना जमिनीचे घर्षण या बिंदूला मागे खेचते, आणि चाक वाऱ्यातील निशाणासारखे आपोआप गतीच्या दिशेत येते. मागे जाताना हा बिंदू अक्षाच्या मागे न राहता पुढे होतो. मग चाक जरा जरी तिरपे झाले, तरी ते अधिकाधिक तिरपे होत जाते. हॉटेलातील किंवा रुग्णालयातील ढकलगाडीची लहान चाके ढकलण्याची दिशा बदलताच गर्रकन मागे वळतात, त्याचे कारणही हेच.

मोटारीची पुढची चाकेही अशाच किंचित कललेल्या अक्षाभोवती वळतात. टो-बारने मोटारीचे नाक डावीकडे ओढले, की चाके मुकाट्याने डावीकडे वळतात. मात्र त्यासाठी किल्ली फिरवून स्टिअरिंगचे कुलूप उघडलेले असले पाहिजे. ते विसरले, तर पुढची चाके वळणावर आडवी फरफटत जातात आणि टायर थोड्याच अंतरात झिजून खराब होतात.

अशा जोडगाडीचा पहिला नियमही येथेच मिळतो: मोटार जोडलेली असताना मोटारहोम मागे घ्यायचे नाही. मागे घेताच चाके सायकलच्या हँडलसारखी फिरून अडकतात आणि टो-बार वाकतो. चुकून बंद रस्त्यात शिरलात, तर खाली उतरा, मोटार सोडवा, दोन्ही वाहने वेगवेगळी वळवा आणि पुन्हा जोडा. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही.

ब्रेक कोण दाबणार?

आता सर्वांत महत्त्वाच्या कामाकडे वळू. पुष्कळांना वाटते, मोटारहोमचे ब्रेक एवढे दणकट असताना मागच्या लहानशा मोटारीची काय पत्रास? हिशेब करून पाहू.

समजा, मोटारहोमचे वस्तुमान ८,००० किलोग्रॅम आहे आणि वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर आहे. त्याचे ब्रेक ४०,००० न्यूटन बल लावू शकतात असे धरू. बल = वस्तुमान × त्वरण, म्हणून ऋण त्वरण सेकंदाला सेकंदामागे ५ मीटर येते. थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. ६२५ ला १० ने भागा. उत्तर ६२.५ मीटर.

आता मागे १,६०० किलोग्रॅमची मोटार जोडा, पण तिचे ब्रेक लावू नका. बल तेवढेच, वस्तुमान मात्र ९,६००. त्वरण ४.१७ वर उतरते आणि थांबण्याचे अंतर ७५ मीटर होते. साडेबारा मीटर जास्त! म्हणजे जेथे गाडी थांबायला हवी होती, तेथून ती एका बसच्या लांबीपेक्षाही पुढे जाते. त्या साडेबारा मीटरमध्ये रस्ता ओलांडणारे एखादे मूल असले तर?

शिवाय टो-बारचे काय होते तेही पहा. मागच्या मोटारीला थांबवणारे बल फक्त दांड्यातूनच येते. ते १,६०० × ४.१७, म्हणजे सुमारे ६,७०० न्यूटन भरते. जणू पावणेसातशे किलोग्रॅमचे वजन त्या दांड्यावर उभे केले आहे! दांडा सपाट असेल तर हे बल सरळ पुढे जाते. पण मोटारहोमकडचे टोक बरेच उंच असेल, तर तेच बल तिरपे लागते. ते मोटारहोमचे मागचे अंग उचलू पाहते आणि मोटारीचे नाक खाली दाबते. म्हणून दांड्याच्या दोन टोकांच्या उंचीत सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. फरक जास्त असेल तर खाली वाकलेली जोड बसवून तो कमी करतात. आणि वळणावर जोराचा ब्रेक लावला, तर मागून येणारा हा रेटा मोटारहोमला बाजूला ढकलतो.

आता तिसरी गोष्ट करून पाहू. मागच्या मोटारीने आपले ब्रेक स्वतःच लावले आणि तीही सेकंदाला सेकंदामागे ५ मीटर याच दराने मंदावली, तर दांड्यावर बल किती येईल? शून्य! दोघेही आपापले ओझे सांभाळतात आणि कोणी कोणाला ढकलत नाही. थांबण्याचे अंतर पुन्हा ६२.५ मीटर होते. सगळ्या प्रश्नाचे सार या एका शून्यात आहे.

पण रिकाम्या मोटारीत ब्रेक दाबणार कोण? त्यासाठी चालकाच्या जागेसमोर एक पेटी ठेवतात. एस. टी. ने अचानक ब्रेक लावला की उभे असलेले प्रवासी पुढे झुकतात. हे जडत्व तुम्ही अनुभवले आहे. पेटीमध्येही असाच एक 'प्रवासी' असतो. काही पेट्यांत तो लहानसा लंबक असतो, तर आजच्या पुष्कळ पेट्यांत त्याची जागा त्वरण मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकतीने घेतली आहे. मोटारहोम जितके जोरात मंदावते, तितका लंबक पुढे झुकतो आणि पेटीचा दांडा ब्रेकचे पेडल तितकेच जोरात दाबतो. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेकला मदत करणारी निर्वात-यंत्रणा एकदोनदा पेडल दाबताच निकामी होते आणि पेडल घट्ट होते. म्हणून पेटीला जोर जास्त लावावा लागतो. दोरीने मोटार ओढताना मागे बसणाऱ्यांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी: पेडल नेहमीपेक्षा कितीतरी जोराने दाबावे लागते.

घाटात हा प्रश्न आणखी बिकट होतो. कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वतातून जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आयझेनहॉवर बोगदा आहे. तेथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्न गावापर्यंतच्या सुमारे १३ किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे ७०० मीटर उतरतो. आपल्या जोडगाडीची तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा ९,६०० × ९.८ × ७००, म्हणजे साडेसहा कोटी ज्यूलहून अधिक होते. एवढ्या उष्णतेने ३० अंशांवरचे सव्वादोनशे लिटर पाणी उकळीला येईल! सारा भार ब्रेकवर टाकला, तर ते तापून त्यांची पकड कमी होते. म्हणून जाणते चालक घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतात आणि रोखण्याचे काम इंजिनाकडे देतात. ज्यांच्या ब्रेकनी दगा दिला, अशा मालमोटारींसाठी त्या उतारावर रस्त्याच्या कडेला चढाचे खास फाटे बांधलेले आहेत.

वंगण कोण पोचवणार?

मोटार ओढली जात असताना इंजिन थांबलेले असते, पण चाके फिरत असतात. चाकांबरोबर गिअरपेटीचा काही भागही फिरतो. ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीत वंगणाचे तेल खेळवणारा पंप साधारणपणे इंजिनाच्या बाजूने चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. दात्यांवर दाते घासत राहतात, तेल पोचत नाही आणि काही तासांच्या प्रवासात गिअरपेटी जळू शकते. चालकाला याचा पत्ताही नसतो.

यावर उपाय अनेक आहेत. काही मोटारींत चाके आणि गिअरपेटी यांचा संबंध पूर्ण तोडता येतो. जीप रँग्लर ही गाडी मोटारहोमच्या मागे इतकी दिसते, त्याचे एक कारण म्हणजे तिची चार चाकांना शक्ती वाटून देणारी पेटी 'न्यूट्रल'मध्ये टाकता येते. काही साध्या गिअरच्या मोटारी न्यूट्रलमध्ये ओढता येतात. काहींना विजेवर चालणारा वेगळा तेलपंप बसवतात. विजेच्या मोटारींची गोष्ट निराळी. तुमच्या सायकलचा डायनॅमो आठवा: चाक फिरले की वीज तयार होते. बहुतेक विजेच्या मोटारींत चाके मोटरशी कायमची जोडलेली असतात, म्हणून ओढताना मोटरचाच जनित्र होतो आणि नको तेथे वीज व उष्णता निर्माण होते. अशा मोटारी चाके जमिनीवर ठेवून ओढू नयेत असे त्यांचे कारखानदारच सांगतात. कोणती मोटार ओढावी याचा शेवटचा निर्णय तिच्या माहितीपुस्तकाचाच मानावा.

जी मोटार अशी ओढता येत नाही, ती जोडगाडीवर, म्हणजे ट्रेलरवर, चढवून नेतात. तेथे आपला गाडीवान जे जाणतो तेच लागू पडते: गाडी 'उलाळ' नको. भार चाकांच्या मागे गेला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. म्हणून ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर पडेल असे ओझे रचतात.

खूण कोण करणार? लक्ष कोण ठेवणार?

मागून येणाऱ्याला मोटारहोमचे दिवे दिसत नाहीत, कारण मध्ये मोटार आहे. म्हणून मोटारहोमच्या दिव्यांची वीज तारेने मोटारीच्या दिव्यांपर्यंत आणतात. पण तारा नुसत्या जोडल्या, तर ही वीज मोटारीच्या इतर मंडलांत शिरून बिघाड करू शकते. त्यासाठी मध्ये डायोड घालतात. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता: पलीकडे जाऊ देतो, परत येऊ देत नाही.

सकाळी निघालेले कुटुंब संध्याकाळी मुक्कामी पोचते, मोटार सोडवते आणि ती सुरूच होत नाही! ही नेहमीची तक्रार आहे. स्टिअरिंग मोकळे राहावे म्हणून किल्ली फिरवून ठेवलेली असते. तेवढ्याने ३ अँपिअर प्रवाह वाहत राहिला, तर ८ तासांत २४ अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल, तर निम्म्याहून अधिक साठा संपला! मोटारहोममधून एक तार आणून प्रवासातच बॅटरी भरत राहणे, हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

हँडब्रेक किंचित ओढलेला राहिला तर? समजा, त्यामुळे फक्त ५०० न्यूटन घर्षण वाढले. मोटारहोमच्या बलवान इंजिनाला ते जाणवणारही नाही. पण सेकंदाला २५ मीटर वेगाने ही शक्ती १२,५०० वॅट होते. साडेबारा विजेच्या शेगड्या त्या दोन चाकांत पेटवल्यासारखेच झाले! टायर पेटेपर्यंत पुढे कोणाला काही कळत नाही. म्हणून मागे बघणारा कॅमेरा आणि टायरचा दाब व तापमान कळवणारे यंत्र लावतात. आणि खरा उपाय अगदी जुना आहे: निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून उतरायचे, चाकांभोवती फेरी मारायची आणि ती तापली आहेत का, ते पाहायचे.

दांडाच तुटला तर?

सर्व काळजी घेऊनही दांडा निसटू शकतो. त्यासाठी दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून बांधतात. फुलीच्या आकारामुळे खाली पाळणा तयार होतो आणि निसटलेला दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी त्यात पडतो. साखळ्याही तुटल्या, तर आणखी एक बारीक तार आहे. ती मोटारहोमला बांधलेली असते आणि तिच्या टोकाला मोटारीतील एका खटक्याची खीळ असते. मोटार दूर जाताच खीळ उपसली जाते, मंडल पूर्ण होते आणि मोटारीचे ब्रेक आपोआप लागतात.

ही कल्पना रेल्वेने शिकवली आहे. पूर्वी अमेरिकेत ब्रेकवाले लोक चालत्या मालगाडीच्या टपांवरून धावत जाऊन डब्याडब्याचे ब्रेक हाताने आवळीत. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि १८७२ मध्ये त्याचा स्वयंचलित प्रकार आणला. त्यात नळीतील हवेचा दाब ब्रेकना दूर धरून ठेवतो. नळी तुटली, डबा सुटला, की दाब उतरतो आणि ब्रेक लागतात. बिघाड झाला तर गाडी थांबेल, पळणार नाही! आपल्या रेल्वेत धोक्याची साखळी ओढली की गाडी थांबते, तीही याच तत्त्वाने.

आपल्या रस्त्यावर

अमेरिकेतल्या या गोष्टीशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांतील रस्त्यांवर उभे राहून पहा. एका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जात असतात. ट्रॉलीत कोणी चालक नसतो. आता आपली यादी काढा. ब्रेक कोण दाबणार? अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. येथे तर मागचे ओझे ओढणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जड! खूण कोण करणार? मागचे दिवे आणि लाल परावर्तक पुष्कळदा उसाखाली झाकलेले किंवा मुळीच नसतात. रात्री अशा ट्रॉलीवर मागून वाहन आदळल्याच्या बातम्या दर हंगामात वाचायला मिळतात. उतारावर अशी ट्रॉली दिसली की तिच्या पुढे किंवा अगदी मागे सायकल घालू नका. आणि तुमच्या घरी ट्रॉली असेल, तर हंगामापूर्वी परावर्तक स्वतः पुसा किंवा नवे लावा. ६२.५ आणि ७५ मीटरचा हिशेबही घरच्यांना करून दाखवा.

करून पहा

एस. टी. ने प्रवास करताना एका दोऱ्याला किल्ली बांधा आणि दोऱ्याचे वरचे टोक कोनमापकाच्या मध्यबिंदूशी धरा. बसने ब्रेक लावला की दोरा पुढे झुकेल. तो किती अंशांनी झुकला ते वाचा. त्या कोनाच्या टॅन गुणोत्तराला ९.८ ने गुणले, की बसचे ऋण त्वरण मिळते. दोरा १० अंश झुकला तर ते सुमारे १.७ येईल. शिक्षकांनी वर्गातील मुलांच्या नोंदी फळ्यावर मांडून त्यांची सरासरी काढावी. मागच्या मोटारीतला माणूस जे काम करीत होता, ते एक किल्ली आणि वीतभर दोरा कसे करू शकतात, हे मग कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही.